टाळ्या आणि पंगत

कार्ल्याच्या चैत्यगृहाशीं दार देणारा गंधी सिंहदत्त आणि दार घडविणारा सुतार सामी, दोघांचींही नांवें कोरलेलीं आहेत. दात्याच्या पंगतीस कारागिराला बसविण्याची ही रीत सुमारें दोन हजार वर्षांची. जवळच्याच पुण्यानें ती क्रिकेटच्या मैदानावर मोडली. बाळू पालवणकर यांची डावखुरी फिरकी तेथील हिंदु संघास जिंकण्यासाठीं हवी होती. पण ते चर्मकार, म्हणून चहा मात्र बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांवर गडी बाद केले. तरी मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंचा कर्णधार म्हणून त्यांची निवड कधींच झाली नाहीं. 1923 सालीं तो मान धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळाला. तोंवर बाळू निवृत्त झाले होते.

गुणाची पूजा केली म्हणजे गुणवंताचें ऋण फिटतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. टाळी वाजवितांना पदरचें कांहीं जात नाहीं. जातें तें शेजारचें आसन देतांना. कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. पण चेंडूचा विटाळ त्याच काळानें कसा मानला नाहीं? त्या भांड्यांतला चहा संपवून बाळू पुन्हां गोलंदाजीस येत, आणि चहाला दूर बसलेले तेच सोबती त्यांच्या चेंडूवरचा झेल आनंदानें घेत.