पाच पिंड गाळ

नाशिकला गंगापूर रोडवर किंवा कुठेही, घरचा पोहण्याचा तलाव जुना झाला की दुखणी सारखीच असतात. पंपाचं सील गळतं, पाइपांचे सांधे पाझरतात, फिल्टरमधल्या वाळूचे गठ्ठे होतात. बाह्या सरसावून स्वतः दुरुस्तीला बसणारा माणूस आधी प्रेशरचा काटा पाहतो. काटा चढलेला असेल तर वाळू तुंबलेली असते. मग व्हॉल्व्ह फिरवून पाणी उलटं सोडायचं. निचऱ्याच्या नळीतून आधी काळपट, मग मातकट आणि शेवटी नितळ पाणी येतं. ज्या पाण्यात रोज डुंबलो त्यात काय साचलं होतं, ते तेव्हा दिसतं.

हे काम प्लंबरचं की पोहणाऱ्याचं? प्रश्न घरगुती वाटतो, पण धर्मशास्त्राने तो फार पूर्वी हाताळला आहे. दुसऱ्याने बांधलेल्या जलाशयात स्नान करायचं तर आधी मातीचे पाच पिंड बाहेर काढावेत, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. पाच पिंडांनी तळं उपसलं जात नाही. पण येणारा प्रत्येक जण तेवढं करू लागला तर गाळ साचायला वेळच मिळत नाही! स्नानाचं पुण्य आणि गाळ उपसण्याचे कष्ट एकाच माणसाच्या वाट्याला देणारा हा नियम विलक्षण शहाणपणाचा आहे.

यावर भाविकाचा आक्षेप ठरलेला असतो: तीर्थ स्वतःच पावन करणारं, त्याला साफ कोण करणार? पण पाण्याला काहीच बाधत नसतं, तर पाण्यात थुंकू नये, मलमूत्र टाकू नये, असं मनुस्मृतीने बजावलं नसतं. पावित्र्य मानणाऱ्यावरच स्वच्छतेची जबाबदारी अधिक येते.

नाशिकला गोदावरीच्या पात्रातल्या रामकुंडाचा इतिहास हेच सांगतो. खटावच्या चित्ररावांनी १६९६ मध्ये ते बांधलं. पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी दुरुस्त केलं. विहीर, तळं, देऊळ यांचा जीर्णोद्धार करणाऱ्याला मूळ कर्त्याइतकंच फळ मिळतं, असं विष्णुस्मृतीचं मत आहे. म्हणजे गोपिकाबाईंचं श्रेय दुय्यम नाही.

मात्र दुरुस्ती कशाला म्हणायचं? २००३ च्या कुंभमेळ्याच्या तयारीत गोदापात्रात काँक्रीट ओतलं गेलं. घसरण कमी झाली, सफाई सोपी झाली. पण जुन्या कुंडांचे तळ आणि त्यांतले जिवंत झरे त्याखाली गेले. २०१६ च्या दुष्काळात रामकुंड कोरडं पडलं आणि टँकरने पाणी आणून भरावं लागलं. त्या पाण्यात श्रद्धेने डुबकी मारणाऱ्याचं स्नान खोटं ठरत नाही. स्थानाचं माहात्म्य टँकरच्या नळीवर अवलंबून नसतं. पण झरा बुजवून टँकर बोलावण्याला जीर्णोद्धार म्हणता येत नाही. कुंड पाणी साठवण्यासाठी जितकं, तितकंच ते पाझरू देण्यासाठीही असतं, हे ज्याला उमगलं त्यानेच तळाला हात लावावा. पुढे काही कुंडांमधलं काँक्रीट काढायला घेतलं, त्यामागे नाशिककर गोदाप्रेमींचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. त्यांचं ते काम हीसुद्धा उपासनाच आहे.

त्र्यंबकेश्वरी कुशावर्ताचं पाणी यंत्राने गाळतात, त्यावर काही जण नाक मुरडतात. ते चुकतात. बंदिस्त कुंडात हजारो माणसं उतरत असतील, तर फिल्टरची वाळू वेळेवर बदलणं हे त्या स्नानाचंच अंग आहे.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला पुन्हा कुंभमेळा भरतो आहे. घाट, रस्ते, पूल यांचं सरकार पाहील. रामकुंडात उतरणाऱ्याने आपले पाच पिंड विसरू नयेत: आपलं निर्माल्य, प्लास्टिकची पिशवी, द्रोण पाण्यात न सोडता परत न्यावेत, आणि शेजारच्याचंही तरंगताना दिसलं तर तेही उचलावं.