नारदाची यादी आणि सीमेवरचे बी. ए.

निपाणीतील ज्या विद्यार्थ्याला मराठीच्या छायेत राहून कला शाखेची पदवी घ्यावयाची असते, तो बहुधा राज्याची हद्द ओलांडून कागल तालुक्यातील अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालयात जातो आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा विद्यार्थी होतो. त्याच्याच गल्लीतील दुसरा गावातल्या बागेवाडी महाविद्यालयात नाव घालतो आणि बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या दप्तरी दाखल होतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ओढलेली ही रेघ बाजाराला, सोयरिकीला किंवा पंढरीच्या वारीला कधी अडवू शकली नाही. पण अभ्यासक्रमाच्या बाबतीत तिचा अंमल पुरा आहे. कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण देशात सर्वांआधी पदवीवर्गांना लागू केले, चार वर्षांचा क्रम आखला, एका वर्षाने बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्यास पदविका देण्याची तजवीज केली, आणि २०२४ च्या मे महिन्यात ती व्यवस्था मोडून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीची वाट धरली. नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्राने आपल्या संलग्न महाविद्यालयांत तीच व्यवस्था सुरू केली. परिणामी, एकाच शाळेत बाराखडी गिरविलेल्या दोन मुलांच्या प्रथम वर्षाचे मोल, त्यांपैकी कोण सकाळी कोणत्या दिशेला वळतो यावर ठरू लागले आहे. आणि शिक्षणाचे तुकडे कोठे पाडावयाचे हे ज्ञानाच्या स्वरूपावरून ठरत नसून सरकारी हुकुमावरून ठरते, ही गोष्ट सीमाभागाइतकी उघडपणे अन्यत्र क्वचितच दिसावी.

पदवीला प्रमाणपत्राची जोड देण्याची कल्पना मात्र या धोरणाहून जुनी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातच पदवीशिक्षणाला व्यावसायिक विषयांची जोड देण्याचा उपक्रम आरंभिला होता, आणि २००१ पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटी नावाची संगणकाची सनद अशी काही रुजली की, सरकारी नोकरीच्या अर्जात पदवीच्या खालोखाल तिचीच विचारणा होऊ लागली. "नुसतं बी. ए. करून काय करणार?" हा प्रश्न या भागात आता मुलाच्या घरचे, मुलीच्या सासरचे आणि भाड्याच्या खोलीचे मालकही विचारतात, आणि त्याच्या उत्तरादाखल टॅली, टंकलेखन, पर्यटन, अनुवाद, पत्रकारिता अशा कागदांची एक चळत पदवीच्या कागदाखाली जमा होते.

या चळतीकडे पाहून दोन प्रकारची मते ऐकू येतात. व्यवहारी मनुष्य म्हणतो, खरे शिक्षण तेच, पदवी ही केवळ त्यावरची झालर. विद्याव्यासंगी मनुष्य खिन्न होऊन म्हणतो की, सरस्वतीच्या गाभाऱ्यात दुकान मांडले गेले, ज्ञान पोटासाठी विकले जाऊ लागले, आणि आपली परंपरा तर विद्येला मुक्तीचे साधन मानीत आली आहे. पहिल्याशी वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. त्याचा अनुभव त्याच्या बाजूने आहे. दुसऱ्याने परंपरेची साक्ष काढली आहे, तेव्हा ती साक्ष तपासून पाहणे हे आपले काम ठरते.

मुंडकोपनिषदात शौनक नावाचा मोठा गृहस्थ अंगिरस ऋषीकडे जातो, आणि परा व अपरा अशा दोन विद्या जाणावयाच्या असतात, असे ऋषी त्याला सांगतात. आपले विद्याव्यासंगी मित्र हे वचन मोठ्या हौसेने सांगतात, पण अपरा विद्येच्या रकान्यात ऋषींनी काय काय घातले आहे हे सांगावयाचे बहुधा विसरतात. त्या रकान्यात चारही वेद आहेत, शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद आणि ज्योतिष ही सहाही अंगे आहेत. ज्या दृष्टीला प्रत्यक्ष वेद अपरा वाटले, त्या दृष्टीपुढे मराठी वाङ्मयाचा इतिहास आणि टॅलीचा हिशेब हे एकाच ओळीत बसतात; त्यांच्यामध्ये श्रेष्ठकनिष्ठतेची भिंत उभारण्यास उपनिषदांचा आधार मिळत नाही. बी. ए. ही परा विद्या नव्हे. ती कधीच नव्हती. १८६२ साली मुंबई विद्यापीठातून रानडे-भांडारकरांसह जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांतल्या काहींनाही पदवीमागोमाग सरकारी हुद्दे मिळालेच.

तथापि या प्रश्नाचा खरा गाभा छांदोग्याच्या सातव्या अध्यायात आहे, आणि मला तर असे वाटते की, पदवी व प्रमाणपत्र यांच्या आजच्या वादात बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने तो अध्याय आधी वाचावा. नारद सनत्कुमारांकडे शिकावयास येतो. गुरू म्हणतात, तुला जे येते ते आधी सांग, त्यापुढचे मी सांगेन. मग नारद यादी वाचतो: चार वेद, पाचवे इतिहासपुराण, व्याकरण, पितृकर्म, गणित, उत्पातशास्त्र, निधिशास्त्र, तर्क, नीती, भूतविद्या, क्षात्रविद्या, नक्षत्रविद्या, सर्पविद्या आणि आणखीही काही. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ही एक पदवी आणि डझनभर प्रमाणपत्रे झाली. एवढे सांगून तो कबूल करतो की, मी मंत्र जाणतो, आत्मा जाणत नाही. आत्मज्ञानी शोक तरून जातो असे ऐकले आहे, आणि मी तर शोकात आहे.

या ठिकाणी सनत्कुमारांनी यादी भिरकावून दिली असती तर आपल्या विद्याव्यासंगी मित्रांचे काम सोपे झाले असते. त्यांनी ती भिरकावली नाही. हे सारे नाम आहे, असे म्हणून त्यांनी त्याच नामाची उपासना करावयास सांगितले, आणि नामाची जेथवर गती आहे तेथवर त्या उपासकाला स्वेच्छेने संचार करता येईल, असे फळही सांगितले. याहून न्याय्य असा निवाडा मला ठाऊक नाही. प्रत्येक विद्येला तिची हद्द आहे, त्या हद्दीत तिचा अधिकार अबाधित आहे, आणि हद्दीपलीकडे ती सनद चालत नाही. अनुवादाचे प्रमाणपत्र घेतलेल्या मुलीला न्यायालयाच्या कागदाचे कन्नडातून मराठीत रूपांतर करता येईल, आणि त्या कागदात ज्याची जमीन गेली त्याला काय सांगावे हे त्या प्रमाणपत्रात सापडणार नाही.

पुढे तर आश्चर्यच आहे. नामाहून वाणी, वाणीहून मन, असे एकेक पाऊल चढत गुरू विज्ञानापर्यंत येतात, आणि येथे ज्ञानाची महती गाऊन ते थांबतील अशी अपेक्षा असताना म्हणतात की, विज्ञानाहून बल मोठे, कारण एक बलवान शंभर विद्वानांना थरथर कापावयास लावतो. आणि बलाहूनही अन्न मोठे, कारण दहा रात्री जो जेवला नाही तो जिवंत राहिला तरी पाहणारा, ऐकणारा, मनन करणारा राहत नाही. ज्या ग्रंथाने भूमा म्हणजे निरतिशय पूर्णता हे अंतिम ध्येय सांगितले, त्याच ग्रंथाने वाटेत अन्नाला विज्ञानाच्या वरची पायरी दिली. निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या किंवा घरी विड्या वळणाऱ्या आईने आपल्या मुलीला बी. ए.बरोबर संगणकाचा कागदही घेण्याविषयी बजावले, तर तिने छांदोग्य वाचले नसले तरी छांदोग्याच्या विरुद्ध ती काही बोलली असे नव्हे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांनी कायकाला, म्हणजे श्रमाच्या कामाला, उपासनेचे स्थान दिले, आमच्या वारकऱ्यांनी कुंभाराला चाकासह आणि माळ्याला मळ्यासह संत मानले. या दोन्ही परंपरा ज्या मातीत एकमेकींना खेटून नांदल्या, त्या मातीत पोटाच्या विद्येला नाक मुरडणे शोभत नाही.

मग आक्षेप कशावर घ्यावयाचा? माझ्या मते जोडीच्या असंबद्धतेवर. सुसंबद्ध जोडीचे एक उत्तम उदाहरण बेळगाव परिसराने फार पूर्वी घालून दिले आहे. गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. आपल्याला काही रंग ओळखता येत नाहीत असे ध्यानी आल्यावर त्यांना चित्रकाराचा मार्ग सोडावा लागला, पण त्यांनी यांत्रिक रेखनाचा अभ्यास सोडला नाही, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. रंग गेला, रेषा राहिली. बेळगावातले सायकलींचे दुकान, कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर, आणि अखेर कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानात १९१० मध्ये वसविलेली किर्लोस्करवाडी, हे सारे त्या रेषेतून निघाले. आणि जमीन देणारे औंधचे अधिपती स्वतः चित्रकलेचे निस्सीम उपासक होते, हाही एक सुखद योग. लक्ष्मणरावांची दुसरी विद्या पहिलीच्या मुळातून फुटली होती. बाजारात काय खपते हे पाहून तिला बाहेरून टाचलेले नव्हते.

गीतेने स्वधर्माविषयी जे सांगितले आहे त्याचा या प्रश्नापुरता मी एवढाच अर्थ घेतो की, जोडीची विद्या आपल्या मूळ विद्येतून फुटावी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोडी लिपी शिकावी. महाराष्ट्र शासनाचा पुराभिलेख विभाग तिचे वर्ग चालवितो, आणि या भागातील जुन्या घराण्यांच्या इनामांचे, वतनांचे, खरेदीखतांचे कागद फडताळांत मोडीतच पडले आहेत. भाषेच्या विद्यार्थ्याने मराठी-कन्नड अनुवादाचे रीतसर शिक्षण घ्यावे. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि आठवडी बाजारात दोन्ही, असे ज्याचे बालपण गेले, त्याच्याजवळ पुण्याच्या किंवा बंगळूरच्या मुलाजवळ नसलेले भांडवल आहे. सीमावादाच्या दीर्घ कटुतेमुळे ते भांडवल आपण अपमानाच्या खात्यात जमा करून ठेवले आहे, हे मला अत्यंत शोचनीय वाटते. मराठीचा हक्क मागणे निराळे आणि कन्नडाचे ज्ञान टाकून देणे निराळे. जमखंडीत जन्मलेले गुरुदेव रा. द. रानडे, ज्यांच्या नावाचे मंदिर बेळगावच्या हिंदवाडीत आहे, त्यांनी १९२६ साली उपनिषदांवर थोर ग्रंथ लिहिला, आणि मराठी संतांइतक्याच आत्मीयतेने कन्नड संतांचाही अभ्यास केला. अलाहाबादेस तत्त्वज्ञान शिकवीत असताना या दोन भाषांपैकी एक ओझे म्हणून उतरवून ठेवावी असे त्यांना वाटले नाही.

आता छांदोग्यातील एका प्रसंगाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण प्रमाणपत्र जेथे संपते आणि पदवी जेथे सुरू व्हावयास हवी ती जागा तेथे दाखविली आहे. नारद प्रत्येक पायरीवर विचारतो, याहून मोठे काही आहे काय? आणि विचारल्यावरच गुरू पुढचे सांगतात. पण प्राणापर्यंत आल्यावर नारद विचारावयाचे थांबतो. त्याचे समाधान झालेले असते. शिष्याने न विचारता गुरूंनी आपण होऊन पुढे सत्याची गोष्ट काढली, आणि त्याला भूम्यापर्यंत नेले, हे या संवादाचे खरे सौंदर्य. प्रमाणपत्राचा वर्ग विद्यार्थ्याचा प्रश्न जेथे थांबतो तेथे थांबतो, आणि त्याने तेथेच थांबावे हे रास्तही आहे, कारण त्याचे शुल्क, त्याची मुदत आणि त्याचा हेतू आधीच ठरलेला असतो. कला शाखेच्या अध्यापकाचे काम त्यापुढचे आहे. समाधान पावलेल्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करून पुढे ढकलावयाचे, ही जबाबदारी जर कोणी घेणार नसेल, तर बी. ए. हे तीन वर्षांचे एक लांबलेले आणि निरुपयोगी प्रमाणपत्र आहे, असे व्यवहारी मनुष्याने म्हटल्यास त्याला उत्तर उरत नाही.

असे अध्यापक या भागात होऊन गेले. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ पु. ल. देशपांडे शिकवीत होते. इंदिरा संतांचे आयुष्य याच शहरात अध्यापनात गेले. आज मात्र हद्दीच्या अलीकडे अतिथी व्याख्याते आणि पलीकडे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, अशी कितीतरी विभागांची दशा आहे. ज्या अध्यापकाला पुढच्या सत्रात आपण येथे असू की नाही याचीच शाश्वती नाही, जो एका महाविद्यालयातील तास आटोपून दुसऱ्या महाविद्यालयाची बस गाठतो, त्याने नारदाने न विचारलेला प्रश्न आपण होऊन काढावा ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? दोन्ही राज्यांनी वर्षांची मोजदाद, श्रेयांकांचे हिशेब आणि बाहेर पडण्याचे दरवाजे यांवर जितका विचार केला, त्याच्या चतुर्थांशानेही या बाबीवर केलेला दिसत नाही. नव्या प्रमाणपत्रांची घोषणा स्वस्त असते. कायम अध्यापक नेमणे महाग पडते.

म्हणून निपाणी, खानापूर, बेळगाव या भागांतील पालकांना माझी एक विनंती आहे. जूनमध्ये प्रवेशासाठी जाल तेव्हा महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात कोणकोणती प्रमाणपत्रे छापली आहेत ती अवश्य पाहा, आणि मुलाच्या विषयाशी ज्याचे नाते असेल ते एखादे घेऊही द्या. पण त्याआधी मराठी, इतिहास आणि तत्त्वज्ञान या विभागांत कायम नेमणुकीचे अध्यापक किती आहेत, हे कचेरीत विचारा, आणि उत्तर लेखी मागा.