दलाली घेणाऱ्याची जबाबदारी

कच्च्या बनावटीचा प्रेशर कुकर फुटला, तर शेगडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. म्हणूनच १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. तरीही त्यानंतर ठरलेल्या मानकात न बसणारे २,२६५ कुकर अॅमेझॉनवरून विकले गेले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीला एक लाख रुपये दंड केला आणि कुकर परत घेऊन गिऱ्हाइकांचे पैसे चुकते करायला सांगितले. प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. प्राधिकरणाच्या आदेशातला एक आकडा मात्र माझ्या मनातून जात नाही. या कुकरच्या विक्रीतून कंपनीला शुल्कापोटी सहा लाख चौदा हजारांहून जास्त रुपये मिळाले होते.

अशा वेळी ऑनलाइन बाजारपेठा सांगतात की विकणारा दुसरा, आम्ही नुसते मध्यस्थ. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे संरक्षण मध्यस्थाला आहे, आणि ते असावेही. ते नसेल तर लहान गावातल्या उद्योजकाला कोणती बाजारपेठ दारात उभे करील? पण माल आपल्या गोदामात ठेवायचा, आपल्या खोक्यात भरायचा, आपल्या माणसाकरवी पोचवायचा, प्रत्येक विक्रीवर दलाली घ्यायची आणि माल बनावट निघाला की हात वर करायचे, हे मला मान्य नाही. लुबूटँ या पादत्राणांच्या ब्रँडच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हाच भेद केला: विक्रीत सक्रिय भाग घेणाऱ्याला हे संरक्षण सहज मिळणार नाही.

अमेरिकेत दागिन्यांची कंपनी टिफनी आणि ऑनलाइन बाजारपेठ ईबे यांच्या खटल्यात २०१० मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की नकली माल विकला जातो एवढी मोघम जाणीव पुरेशी नाही, नेमकी कोणती वस्तू नकली ते ठाऊक असायला हवे. दागिन्याच्या बाबतीत हे चालून जाईल, कारण तिथे बुडतात ते पैसे. कुकर, हेल्मेट, लहान मुलांची खेळणी यांची तक्रार मात्र इजा झाल्यावर येते. इथे उत्पादकाचा आयएसआय परवाना क्रमांक पडताळल्याशिवाय वस्तू विक्रीला लावूच देऊ नये.

तोवर आपण एवढे तरी करावे. कुकर घरी आला की आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासा. तो जुळला नाही, तर कुकर शेगडीवर चढवू नका, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.