आकर्षण आणि गती

एखादा ग्रह सूर्यमालेतून एकाएकी नाहीसा झाला तर मागे काय उरेल, हा प्रश्न खगोलशास्त्राचा खरा. पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याच्या आधाराने इतरांचे जीवन चालते तो आधार लोपल्यावर त्याने दिलेल्यापैकी काय टिकते?

गुरूचे उदाहरण घ्यावे. इतर सर्व ग्रहांच्या एकत्रित वस्तुमानाच्या सुमारे अडीच पट वस्तुमान एकट्या गुरूचे आहे. तो नाहीसा झाला तर त्याची वार्ताही पृथ्वीला तत्क्षणी लागणार नाही. गुरुत्वाकर्षणातील बदल प्रकाशाच्याच वेगाने येतो आणि त्याला अर्ध्या तासाहून अधिक काळ लागेल. त्यानंतरही येथे प्रलय होणार नाही. सूर्यमालेचे ९९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान सूर्यात एकवटले आहे. पृथ्वी आपल्या वाटेने फिरत राहील. तिच्या कक्षेत पडणारा फरक हजारो-लाखो वर्षांच्या हिशेबातच जाणवेल. खरा आघात गुरूच्या उपग्रहांवर होईल. त्यांना बांधून ठेवणारा पाश तुटेल. तरी ते जागच्या जागी थबकणार नाहीत. त्या क्षणी अंगी असलेली गती घेऊन कोणी सूर्याभोवती स्वतंत्र कक्षेत फिरू लागेल, कोणी सूर्यमालेबाहेरही निघून जाईल. आकर्षण नाहीसे होते, गती उरते.

तंजावरच्या मराठी राज्याचा लोप या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी स्थापिलेले हे राज्य तमिळ भूमीत कधीच सूर्य नव्हते. तेथील भाषा, मंदिरे, शेती यांचे केंद्र त्याच्याहून कितीतरी प्राचीन. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. पुढे १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे पुत्रहीन वारले आणि गादीच संपुष्टात आणली गेली. कावेरीचे पाणी वाहत राहिले, भातशेती पिकत राहिली. हादरले ते निकटचे: राजाश्रयावर जगणारे पंडित, कलावंत, सेवक. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो उपग्रहांचाच. तंजावरी मराठी ही त्यांची बोली तमिळच्या विशाल कक्षेत शिरूनही आपली जुनी चाल घेऊन फिरत राहिली.

तंजावरच्या दक्षिणेस, ओरत्तनाडु येथे, या प्रश्नाचे दुसरे अंग दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरफोजीराजांनी आपल्या सहचरी मुक्ताम्बाळ यांच्या नावे तेथे छत्र उभारले. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना अन्न व निवारा देणाऱ्या अनेक छत्रांपैकी हे एक. राज्याचा कारभार हातून गेल्यावर, १८०१ मध्ये, राजांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांचे महत्त्व विशद केले: सर्व जातींच्या वाटसरूंना तेथे अन्न मिळते, आजाऱ्यांना औषध मिळते. सत्ता गमावलेल्या राजाने जपू पाहिले ते हे अन्नदान. स्वतःचे आकर्षण सरत असता दिलेली गती टिकावी, ही चिंता त्या पत्रामागे आहे.

येथे मात्र उपमेची मर्यादा ओळखली पाहिजे. अवकाशात एकदा मिळालेल्या गतीला अडवणारे जवळजवळ काही नसते. छत्राचे तसे नाही. त्याची चूल रोज पहाटे नव्याने पेटवावी लागते; त्यासाठी उत्पन्न लागते, हिशेब लागतो, आणि अनोळखी वाटसरूची भूक आपली मानणारा कोणी लागतो. भूदानाने गतीची सोय होते, पण इच्छा दानपत्रात लिहून ठेवता येत नाही. म्हणून संस्थापकाच्या थोरवीची चर्चा जेथे संपते तेथे वारसांच्या कर्तव्याचा विचार सुरू होतो. नाहीसा झालेला ग्रह उपग्रहांकडून काही मागत नाही. नाहीसा झालेला दाता मात्र मागे राहिलेल्यांकडे आपले अपुरे काम सोपवून जातो. ते नाकारण्याचे स्वातंत्र्य माणसाला आहे, आणि म्हणूनच ते चालू ठेवण्याला नैतिक मोल आहे.