ब्रायन मेच्या गिटारविना

फ्रेडी मर्क्युरीचा ‘मिस्टर बॅड गाय’ हा अल्बम २९ एप्रिल १९८५ रोजी आला आणि ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. दुसऱ्या कुणा गायकाला एवढं यश भरपूर वाटलं असतं. पण हा गायक ‘क्वीन’ या रॉक बॅंडचा होता आणि क्वीनचा आदल्याच वर्षीचा ‘द वर्क्स’ दुसऱ्या क्रमांकावर जाऊन आला होता. अमेरिकेत तर ‘बिलबोर्ड’च्या यादीत ‘मिस्टर बॅड गाय’ १५९ च्या वर सरकलाच नाही. अडीच महिन्यांनी, १३ जुलैला, वेम्ब्लीच्या मैदानावर ‘लाइव्ह एड’ या मैफलीत क्वीनने वीसेक मिनिटांत जग जिंकलं. तेव्हापासून एक मत पक्कं झालं: फ्रेडी शोभतो तो बॅंडमध्येच, एकट्याने त्याने केलं ते हौसेचं काम.

हे मत मला साफ अन्यायाचं वाटतं. या अल्बमला लोकांनी त्यात काय आहे यावरून जोखलंच नाही, काय नाही यावरून जोखलं. क्वीनमधल्या ब्रायन मेची गिटार नाही, रॉजर टेलरचे ड्रम नाहीत, त्या दोघांनी फ्रेडीसोबत चढवलेला आवाजांचा तो डोलारा नाही. म्युनिकच्या म्युझिकलॅंड स्टुडिओत निर्माता राइनहोल्ड मॅक आणि तिथल्या वादकांना घेऊन फ्रेडीने हे काम केलं. गिटार आहे, पण मागे उभी. पुढे आहेत पियानो आणि सिंथेसायझर. ज्या बॅंडने सत्तरच्या दशकात आपल्या अल्बमांच्या वेष्टनावर ‘यात सिंथेसायझर नाही’ असं अभिमानाने छापलं, त्याच्या चाहत्यांना हे पचणं अवघडच होतं.

त्याहून खोल अडचण नाचाच्या तालाची होती. १९८२ च्या ‘हॉट स्पेस’मध्ये क्वीनने डिस्कोकडे मोर्चा वळवला, तेव्हाच रॉकचा श्रोता बिथरला होता. अमेरिकेत १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटाने उडवण्यात आल्या होत्या. त्या द्वेषात संगीताची नावड किती आणि कृष्णवर्णीयांच्या, समलिंगी पुरुषांच्या क्लबांविषयीची घृणा किती, हे वेगळं काढता येत नाही. फ्रेडीचं त्या काळातलं म्युनिक म्हणजे असेच क्लब. तिथला ताल त्याने या अल्बममध्ये लपवला नाही.

अकराही गाणी एकट्या फ्रेडीने रचलेली आहेत. क्वीनमध्ये चौघेही गाणी लिहीत, त्यामुळे त्याचा स्वभाव एका अल्बमभर सलग ऐकायला मिळण्याची ही पहिलीच वेळ. काही गाणी पातळ आहेत, ड्रमचा आवाज त्या दशकाचा शिक्का घेऊन आला आहे, हे मी मान्य करतो. पण शीर्षकगीतात तो खराखुरा वाद्यवृंद बोलावतो आणि त्याच्यासमोर दोन हात पसरून गातो, तेव्हा नाटकीपणा हाच त्याचा प्रामाणिकपणा आहे हे कळतं. ‘मेड इन हेवन’मध्ये तर पियानोच्या आधाराने तो आवाज जवळजवळ विनवणीवर येतो. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फ्रेडी, म्हणजे तेव्हाचा फारुख बलसारा, पियानो शिकला, ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बॅंडमध्ये तोच वाजवत राहिला. हा पियानो त्याच्या हातात क्वीनच्या कितीतरी आधीपासून होता.

फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. मग याच गाण्यांचं नशीब पालटलं, पण कपडे बदलून. १९८५ मध्ये पन्नासाव्या क्रमांकावर अडकलेलं ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ १९९३ मध्ये क्लबच्या नव्या तालावर बसवलं गेलं आणि ब्रिटनमध्ये पहिलं आलं. १९९५ मध्ये क्वीनमधल्या उरलेल्या तिघांनी ‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ यांतला फ्रेडीचा आवाज ठेवला आणि भोवतीचं संगीत नव्याने उभारलं. मित्राच्या आठवणीसाठी केलेलं ते काम आहे, त्यामागच्या प्रेमाविषयी शंका नाही. अनेकांना आज तीच रूपं मूळ वाटतात. तरीही दोन्ही ‘मेड इन हेवन’ पाठोपाठ ऐका. नव्या रूपात गिटार आकाश उघडते, गाणं स्टेडियमएवढं होतं, आणि एका माणसाने एका माणसाला म्हटलेली गोष्ट हजारोंची होऊन जाते. भव्यता मिळते, जवळीक जाते. मला जवळीक जास्त मोलाची वाटते, कारण भव्य फ्रेडी आपल्याला क्वीनच्या डझनभर अल्बमांत मिळतोच.

२०१९ मध्ये क्वीनच्याच ध्वनितंत्रज्ञांनी मूळ टेपांवरून या अल्बमचं नवं मिश्रण केलं. त्यांनी साठलेली धूळ झटकली, पण वादक म्युनिकचेच ठेवले. ज्यांनी ही गाणी फक्त १९९३ आणि १९९५ च्या रूपांत ऐकली आहेत, त्यांनी या मिश्रणापासून सुरुवात करावी, आणि पहिल्या वेळी तरी गिटारची वाट पाहू नये.