वाटेत राहिलेला दिवस

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने जो एक प्रश्न विचारला आहे, तो केवळ योग्यांचा नव्हे. वाटेला लागलेल्या प्रत्येक मनुष्याचा आहे. जो श्रद्धेने निघाला, परंतु मुक्कामास पोचला नाही, त्याची गती काय? मागचे सुटले आणि पुढचे हाती आले नाही, असा मनुष्य वाऱ्याने फाटलेल्या ढगाप्रमाणे मधल्यामध्ये विरून तर जात नाही ना? भगवंतांनी त्याला निःसंदिग्ध आश्वासन दिले की, कल्याणाच्या मार्गाने चालणाऱ्याचा नाश इहलोकीही नाही आणि परलोकीही नाही. हे आश्वासन जन्मजन्मांतरीच्या साधनेविषयीचे आहे, हे खरे. परंतु जे तत्त्व अनेक जन्मांना पुरते, ते मनुष्याच्या एका दिवसालाही पुरले पाहिजे. म्हणून एका दिवसाच्याच दृष्टांताने ते पारखून पाहणे योग्य होईल.

चेन्नईच्या पश्चिमेस आवडी म्हणून गाव आहे. १९५५ साली तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला, तेव्हा ते नाव देशभर झाले. पुढे तेथे रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला. आपल्याकडील अंबरनाथचा यंत्रसामग्रीचा कारखाना आणि हा आवडीचा कारखाना, हे दोन्ही २०२१ पासून एकाच निगमाखाली आहेत. तेव्हा अंबरनाथचा एखादा कारागीर बदली होऊन आवडीस आला, तर त्यात नवल नाही. महाराष्ट्रात जिला खंडेनवमी म्हणतात, ती तिकडे आयुधपूजा. त्या दिवशी यंत्रांना चंदनकुंकू लावतात, चुरमुऱ्यांचा नैवेद्य दाखवतात आणि वर्षभर चालणारे हात थोडे विसावतात. दुसरे दिवशी विजयादशमी.

अशा एका कारागिराचे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. नवरात्रासाठी त्याची वृद्ध आई अंबरनाथहून आली आहे. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिरात तिने सोमवार कधी चुकवला नाही. कांचीचे कैलासनाथाचे देऊळ एकदा पाहावे, एवढीच तिची इच्छा. आणि मुलाने तसा शब्द दिला आहे. दसऱ्याच्या पहाटे आई, मुलगा, सून आणि नातू असे चौघेजण निघतात. अरक्कोणमला गाडी बदलून कांचीस जावयाचे, वाटेतील भातशेती आणि तळी नातवाला दाखवावयाची, रात्री परतावयाचे, असा बेत. परवा आईची परतीची गाडी. हा मार्गही जुना आहे. दक्षिणेतील पहिली आगगाडी १ जुलै १८५६ रोजी रायपुरमहून निघाली, ती याच वाटेने.

गाडीत समोर एक खेडुत बाई बसलेली असते. तिच्या मांडीवरील मूल तापाने फणफणलेले. तिरुनिन्रवूर स्थानक जवळ येते तोच मुलाला झटका येतो. बाई एकटी, हातात बोचके, आणि सारे अंग कापत असलेले. मुलगा मनात म्हणतो, "एवढी माणसे आहेत, कोणी तरी उतरेलच." म्हातारीला तमिळचा एक शब्द येत नाही, परंतु ती बोचके उचलून उभी राहते. "अरे, उतर. हिच्याबरोबर कोणी नाही," एवढेच ती म्हणते. सणामुळे पहिला दवाखाना बंद असतो, दुसऱ्यात डॉक्टर भेटतात. मूल निवांत झोपी जाते. बाईचा नवरा शेतावरून येईपर्यंत दुपार टळते आणि पाऊस सुरू होतो. महाराष्ट्रात शरदाचे आकाश निवळते. त्या किनाऱ्यावर मात्र ईशान्येचा पाऊस शरदातच येतो. आता कांचीस जाऊन परतणे शक्य नाही.

मुलाच्या मनाला चुटपुट लागते. त्याचे दुःख क्षुद्र नाही. आईला दिलेला शब्द मोडला आहे. तिचे वय पाहता तो पुन्हा पाळता येईल, असा भरवसा नाही. परोपकार घडला हे खरे, पण तो कोणाच्या पुण्याईवर? आईच्या दर्शनाचा मोबदला देऊन परक्याचे भले करण्याचा अधिकार त्याला होता काय? एक कर्तव्य करताना दुसरे मोडले, तर त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा?

तिरुनिन्रवूर येथे हृदयालीश्वराचे देऊळ आहे. संध्याकाळी त्याचे दार उघडल्यावर ही मंडळी तेथे जातात आणि त्या स्थानाची कथा ऐकतात. शेक्किळार कवीने बाराव्या शतकात रचलेल्या 'पेरियपुराणम्' या ग्रंथात ती आली आहे. या गावी पूसलार नावाचा निष्कांचन शिवभक्त होता. शिवासाठी देऊळ बांधावे म्हणून तो द्रव्यासाठी खूप हिंडला. काही मिळाले नाही. मग त्याने मनातच देऊळ बांधावयास घेतले. पाया, भिंती, शिखर, विहीर, आवार, सर्व काही क्रमाने, एकही काम न वगळता. आणि प्रतिष्ठेचा मुहूर्तही ठरविला. तिकडे कांचीस पल्लव राजाने थोर पाषाणमंदिर उभारले होते. त्याचा मुहूर्त नेमका त्याच दिवशीचा. शंकराने राजाच्या स्वप्नात येऊन सांगितले, की तू आपला दिवस पुढे ढकल. मला उद्या पूसलाराच्या देवळात जावयाचे आहे. राजा शोध घेत येथे आला, तेव्हा त्याला दगडाचे देऊळ दिसलेच नाही. दिसला तो एक दरिद्री भक्त.

कथा ऐकून मुलाच्या मनात नवीच शंका उभी राहते. देऊळ मनात बांधूनही देवाला पोचत असेल, तर लोकांनी घर सोडावेच कशाला? कांचीही घरी बसूनच पाहावी!

ही शंका महत्त्वाची आहे. कारण आळस पुष्कळदा हाच वेष घेऊन येतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अशा मनुष्याला मिथ्याचारी म्हटले आहे, की ज्याची कर्मेंद्रिये आवरलेली आणि मन मात्र विषयांत रमलेले. पूसलार आणि मिथ्याचारी हे दोघेही वरून स्वस्थ बसलेलेच दिसतात. भेद कोठे आहे? पूसलाराचे हात आधी थकले, मग मन कामास लागले. आणि मनाकडूनही त्याने हातांइतकेच काम करून घेतले. मिथ्याचारी हात हलवीतच नाही आणि मनाच्या समाधानालाच भक्ती समजतो. वाट खुंटल्यावर मनात बांधलेले देऊळ हे तप होय. वाट मोकळी असता मनात बांधलेले देऊळ ही सबब होय.

श्रीएकनाथ महाराजांची कथा या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, हे महाराष्ट्रातील मुलालाही ठाऊक आहे. त्यातील करुणा सर्वांना दिसते. पण कावडीकडे थोड्यांचे लक्ष जाते. नाथ रामेश्वराला निघालेच नसते, तर त्या वेळी त्यांच्या खांद्यावर पाणी कोठून आले असते? रामेश्वराचा संकल्प खरा होता, म्हणूनच गाढवाला पाणी मिळाले. घरी बसून सर्वांभूती ईश्वर आहे असे म्हणणाऱ्याची कावड रिकामी असते. मुक्कामाची ओढ आणि मुक्काम सोडण्याची तयारी, ही दोन्ही एकाच मनुष्यात असावी लागतात. ओढ नसेल तर तो निघत नाही. तयारी नसेल तर वाटेतील देव त्याला अडथळा वाटतो. निष्काम कर्म म्हणतात ते हेच. फळाविषयी बेफिकीर असणे निराळे आणि फळाची सर्व तजवीज करूनही त्याचा गुलाम न होणे निराळे.

मग मोडलेल्या शब्दाचे काय? तो मोडला, हे मुलाने नाकारू नये. त्याला वाईट वाटले, हेही योग्यच. दुसरे मोठे कर्तव्य घडले म्हणून पहिल्याचे ऋण आपोआप फिटत नाही. ते फेडण्याची बुद्धी जागी ठेवली पाहिजे. परंतु ज्याचा त्याग झाला, ते दर्शन मुलाचे नव्हतेच. ते आईचे होते आणि तिने आपल्या हाताने बोचके उचलले होते. तिचे दान तिच्या संमतीवाचून घेतले गेले असते तर तो अन्याय ठरता. तिने ते स्वतः दिले, म्हणून तो यज्ञ झाला. आपल्या वस्तूचा त्याग करण्यास प्रत्येकजण मुखत्यार आहे. दुसऱ्याच्या वस्तूचा त्याग करून पुण्यवान होण्यास कोणीही नाही. हा विवेक सुटला, की परोपकारही घरच्यांवरील जुलूम होतो.

रात्री परतीच्या गाडीत मुलगा म्हणतो, "आई, कांची राहिली."

आई म्हणते, "राहिली तर खरीच. पुढल्या वर्षी पाय चालले तर येईन. ते लेकरू मात्र आजच बरे व्हायला हवे होते."

या उत्तरात कांचीची इच्छा मेलेली नाही आणि दिवसाचा पश्चात्तापही नाही. सात्त्विक सुख आरंभी कडू आणि परिणामी अमृतासारखे असते, असे अठराव्या अध्यायात म्हटले आहे. ते या म्हातारीने शास्त्र न वाचताच ओळखले. दसऱ्याला महाराष्ट्रात सीमोल्लंघन करतात. त्यात किती कोस चालले, हे कोणी मोजत नाही. आपल्या गावाची शीव ओलांडली की नाही, एवढेच पाहतात. आपले आणि परके यांमधील शीव ज्याने ओलांडली, त्याचा दिवस वाटेत राहिला तरी वाया गेला नाही. मात्र त्यासाठी पहाटे उठून घराबाहेर पडावे लागते.