हवा मानवत नाही म्हणून गाव सोडावे काय?



अमेरिकेतील शिकागो शहराच्या एका उपनगरातून एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. कुटुंब मूळचे कोकणातले, एकोणीस वर्षांपासून तेथे स्थायिक. घरात पत्नी, तीन मुले आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या अम्मी. तीन हिवाळ्यांपूर्वी अम्मी दारासमोरच्या बर्फावरून घसरून पडल्या. हाड मोडले नाही, पण तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च त्या उंबरठा ओलांडत नाहीत. आता टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात नोकरीची संधी आली आहे. तेथे थंडी नावापुरती आणि राज्याचा प्राप्तिकर नाही. पत्रलेखकांनी कागदावर दोन रकाने आखून लाभ आणि हानी मांडली आहे. लाभाचा रकाना लांबलचक आहे. हानीच्या रकान्यात तीनच नोंदी आहेत : अब्बांची कबर शिकागोत आहे, दहा-बारा कुटुंबांनी भाड्याच्या जागेत सुरू केलेला नमाजखाना आणि तेथे स्वतः चालवत असलेला मुलांचा रविवारचा कुरआनवर्ग, आणि एकटे राहणारे विधुर, निपुत्रिक चाचा, जे या वयात कोठेही यायला तयार नाहीत. शेवटी प्रश्न असा : केवळ थंडी सोसवत नाही म्हणून बिऱ्हाड हलवणे हे तवक्कुलच्या विरुद्ध आहे काय?

शिकागो सोडून ह्यूस्टनला जाण्याचा प्रसंग आपल्यापैकी थोड्यांवरच येईल. पण अधिक सोयीच्या जागी जावे की आहे तेथे राहावे, हा प्रश्न आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे. म्हणून उत्तर सर्वांसमोर मांडतो.

हवामान आणि दीन

प्रथम मनातील शंका दूर करू. ऊन, थंडी, हवा, पाणी या गोष्टींना इस्लामने क्षुल्लक मानलेले नाही. कुरआनातील ‘कुरैश’ ही चार आयतींची छोटी सूरह आपल्या मुलांनाही पाठ असते. तिच्यात हिवाळ्यातील आणि उन्हाळ्यातील प्रवासांचा उल्लेख आहे. भाष्यकार सांगतात की, कुरैशांचे काफिले हिवाळ्यात उबदार येमेनकडे आणि उन्हाळ्यात थंड शाम प्रदेशाकडे जात. अल्लाह तआलाने या ऋतुमानाप्रमाणे होणाऱ्या प्रवासांचा दोष दाखवलेला नाही. ते आपले उपकार म्हणून सांगितले आणि त्याबदल्यात या घराच्या पालनकर्त्याची उपासना करण्यास फर्मावले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कडक उन्हात जुहरची नमाज थोडी थंडावा येईपर्यंत लांबवण्यास सांगितले. हिजरतनंतर मदिनेची हवा मुहाजिरांना मानवली नाही. हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तापाने फणफणले, हजरत बिलाल (रजि.) मक्केच्या टेकड्यांची आठवण काढून व्याकूळ होत. त्या वेळी प्रेषितांनी (स.) त्यांना अधीरपणाबद्दल बोल लावला नाही. मदिना आम्हाला मक्केसारखी, किंबहुना तिच्याहून अधिक प्रिय कर आणि तिची हवा निरोगी कर, अशी दुआ त्यांनी मागितली. पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत इराकमधील मदाइन येथे राहिलेल्या अरब सैनिकांचे चेहरे निस्तेज झाले, शरीरे खंगली. इतिहासग्रंथ सांगतात की, हवा मानवत नाही हे कळताच खलिफांनी दुसरी जागा शोधण्याची आज्ञा दिली आणि त्यातून कूफा शहर वसले.

तवक्कुलविषयी तर हजरत उमर (रजि.) यांचाच प्रसंग निर्णायक आहे. शामच्या वाटेवर सर्ग येथे त्यांना साथीची वार्ता कळली आणि त्यांनी मागे फिरण्याचे ठरवले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा : आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. उंट घेऊन दरीत उतरलात आणि तिची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड असली, तर हिरव्या बाजूस चारणे हीही तकदीरच आणि उजाड बाजूस चारणे हीही तकदीरच.

तेव्हा, बंधो, थंडीमुळे घर हलवण्यात ईमानाची उणीव नाही. ही बाब मुबाह आहे. आता ती शहाणपणाची आहे काय आणि त्यात कोणाचा हक्क बुडतो काय, एवढेच पाहणे उरते.

उबेचा खरा हिशेब

मुबाह गोष्टीतही हिशेब प्रामाणिक हवा. शिकागोची थंडी खरोखर कठोर आहे. जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरीनेच शून्याखाली सात-आठ अंश असते. जानेवारी 2019 मध्ये ते उणे 30 पर्यंत उतरले होते. डिसेंबरात सूर्य सायंकाळी चार-वीसच्या सुमारास मावळतो, म्हणून जुहर, असर आणि मगरिब या तिन्ही नमाजा नोकरीच्या वेळेत येतात. ह्यूस्टनमध्ये सूर्यास्त तासभर उशिरा होतो. तेथील उन्हाळी रोजा शिकागोपेक्षा तासाभराहून अधिक लहान असतो. हिवाळी रोजा मात्र शिकागोत लहान.

पण उबदार प्रदेशाची दुसरी बाजूही रकान्यात यावी. ऑगस्ट 2017 मधील हार्वे वादळात ह्यूस्टन परिसरात काही ठिकाणी मीटरभराहून अधिक पाऊस पडला आणि हजारो घरे पाण्याखाली गेली. फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच ‘उबदार’ टेक्सासात हिमवादळाने लाखो घरांची वीज गेली आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. तेथील घरे आणि वीजयंत्रणा अशा थंडीसाठी बांधलेलीच नव्हती. जुलै 2024 मध्ये बेरिल वादळानंतर ह्यूस्टनची असंख्य कुटुंबे ऐन उकाड्यात काही दिवस विजेविना होती. ऑगस्टात तेथे दुपारचे तापमान 35 अंशांच्या आसपास असते आणि हवा दमट. राज्याचा प्राप्तिकर नाही हे खरे. घरावरील कर मात्र चांगलाच जड आहे.

मी भीती घालत नाही. सांगायचे एवढेच की, अम्मी शिकागोत नोव्हेंबर ते मार्च घरात बसतात. ह्यूस्टनला कदाचित जून ते सप्टेंबर बसतील. घसरून पडण्याचे भय जाईल, हा मोठा लाभ आहे. पण घरात कोंडून राहण्याचे दुःख जाईल की केवळ त्याचे महिने बदलतील, हे तपासून पाहावे.

तिसरा रकाना

आता मुख्य मुद्दा. तुमच्या कागदावर दोन रकाने आहेत : आम्हाला काय मिळेल आणि आम्ही काय गमावू. शरीअत तिसरा रकाना आखायला सांगते : आम्ही गेल्याने येथे राहणाऱ्यांचे काय होईल?

मदिनेतील बनू सलिमा या कबिल्याची घरे मस्जिदे-नबवीपासून दूर होती. त्यांनी मशिदीजवळ राहायला येण्याचे ठरवले. याहून पवित्र कारण कोणते असेल? तरीही प्रेषितांनी (स.) त्यांना आहे तेथेच राहण्यास सांगितले आणि त्यांची मशिदीकडे पडणारी पावले लिहिली जातात, अशी खूशखबर दिली. हदीसमध्ये कारणही आले आहे : मदिनेची ती बाजू ओस पडावी, हे प्रेषितांना (स.) आवडले नाही. विचार करा, मशिदीच्या जवळिकीसाठीही जागा ओस पाडणे त्यांना रुचले नाही.

या गोष्टीचा अर्थ मला ग्रंथांइतकाच मी इमामत करतो त्या गावाने शिकवला. मोहल्ल्यात अर्ध्याहून अधिक दारांना कुलूप आहे. कोणी आखातात, कोणी इंग्लंडमध्ये, कोणी मुंब्र्याला. प्रत्येकाचे कारण योग्य होते आणि प्रत्येकाने पैसाही पाठवला. मशिदीला फरशी आली, मिनार उंच झाला. पण फज्रला एक सफ पूर्ण होत नाही आणि एखाद्या वृद्धाचा जनाजा उचलायला शेजारच्या गावातून खांदे बोलवावे लागतात. कोणा एकाच्या जाण्याने हे झाले नाही. जाताना प्रत्येकाने आपल्यामागे दुसरा कोणीतरी असेल असे गृहीत धरले, त्यातून हे झाले.

मग ज्याच्यावर कोणाचा तरी भार आहे, त्याने कधी निघूच नये काय? तसे नाही. स्वतः प्रेषितांनी (स.) 622 साली मक्का सोडली. परंतु निघताना, जिवावर बेतलेल्या त्या रात्रीही, लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. ज्यांनी छळले, त्यांच्याही ठेवी त्यात होत्या. स्थलांतराचा नियम यातून मिळतो : जाण्यास मुभा आहे, पण अमानती परत करून.

तुमच्याकडे तीन अमानती आहेत. अब्बांची कबर तुम्हाला बांधून ठेवत नाही. मगफिरतची दुआ कोठूनही पोहोचते. कुरआनवर्ग ही खरी अमानत आहे; तो हाती घेणारा तयार केल्याशिवाय निघू नका, मग त्याला सहा महिने लागोत की वर्ष. आणि चाचा. चाचा वडिलांच्याच जोडीचा असतो, अशा आशयाची हदीस आहे. बर्फ पडलेल्या दिवशी त्यांचे दार कोण ठोठावेल? आजारपणात किल्ली कोणाकडे असेल? या प्रश्नांना माणसांची नावे उत्तर म्हणून मिळाली, तरच ती अमानत सुपूर्द झाली. “कोणीतरी बघेल” हे उत्तर नव्हे.

अम्मींना विचारले काय?

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यात अम्मींच्या गुडघ्यांविषयी पुष्कळ आहे, पण त्यांना काय हवे आहे, याविषयी एक ओळही नाही. सद्वर्तनाचा सर्वाधिक हक्क कोणाचा, या प्रश्नाला प्रेषितांनी (स.) तीन वेळा ‘आई’ असेच उत्तर दिले. तो हक्क तिच्यासाठी परस्पर निर्णय घेऊन अदा होत नाही. त्यांनी एकदा तुमच्यासाठी कोकण सोडले. आता पतीची कबर, वृद्ध दीर आणि ओळखीच्या चार बायका सोडून जाण्याने त्यांचे गुडघे सुखावतील, मनाचे काय? कदाचित त्या आनंदाने येतील. कदाचित तुमच्या सुखासाठी गप्प बसतील. एकांतात, घाई न करता विचारा.

स्वतःच्या निय्यतचीही झडती घ्या. अम्मींच्या नावाखाली मोठ्या घराची ओढ तर नाही ना? मोठे घर हवे असणे गुन्हा नाही. ते आईच्या खात्यावर लिहिणे मात्र बरोबर नाही. मदिनेची हवा न मानवलेल्या उरैना कबिल्यातील लोकांना प्रेषितांनी (स.) गावाबाहेर उंटांजवळ राहायला पाठवले. हवापालटाने ते धडधाकट झाले आणि मग त्यांनी उंटांच्या राखणदाराचीच हत्या करून उंट पळवले. हवेने शरीर सुधारले, अंतःकरण होते तसेच राहिले.

निर्णयाची रीत

आता माझा मशवरा. एक : ह्यूस्टन डिसेंबरात नव्हे, ऑगस्टात अम्मींसह दोन आठवडे राहून पाहा, जागेची परीक्षा तिच्या कठीण ऋतूत होते. दोन : कुरैशांचा मार्गही विचारात घ्या. अमेरिकेतील अनेक वृद्ध केवळ हिवाळ्यापुरते दक्षिणेकडे जातात. घरातील कोणी सोबतीला असेल, तर अम्मी हिवाळ्याचे तीन महिने कोकणातील घरी का राहू नयेत? एक कुलूप तरी उघडेल. तीन : जाणत्या आणि निःस्वार्थ माणसांशी मशवरा करा, त्यात पत्नी आणि मोठ्या मुलांना धरा. चार : दोन रकअत नमाज पढून इस्तिखारा करा. स्वप्न पडण्याची वाट पाहू नका. इस्तिखारा म्हणजे भल्याची निवड अल्लाहवर सोपवून मागितलेली दुआ आहे. नंतर जो मार्ग सुकर होईल तो धरा आणि अल्लाहवर भिस्त ठेवा. ‘आले इमरान’ सूरहच्या 159व्या आयतीत हाच क्रम आहे : आधी मशवरा, मग निश्चय, मग तवक्कुल.

माझे मत विचाराल तर : अम्मी मनापासून राजी असतील आणि चाचांची व वर्गाची सोय लागली असेल, तर बिस्मिल्लाह म्हणून निघा आणि मागे वळून स्वतःला दोष देऊ नका. चाचांची सोय लागत नसेल, तर आणखी एक-दोन हिवाळे थांबा. तेवढी थंडी सोसण्यातही अज्र आहे.

आणि वाचकहो, तुम्हीही जेव्हा बिऱ्हाड बांधाल, तेव्हा सामानाच्या यादीआधी अमानतींची यादी करा.

अल्लाह तआला आपल्या वृद्धांना प्रत्येक ऋतूत आफियत देवो, आपण जेथे जाऊ तेथे आपल्यामुळे मशिदीची सफ लांबो, आणि जेथून निघू तेथे आपल्यामागे कोणाचा हक्क थकीत न राहो. आमीन.